नेपल्सहून बोटीनं एका दिवसात: काप्री नको, तर कुठलं बेट?

वैदेही_मिलान

नमस्कार मंडळी,

नोकरीमुळे मी मिलानला राहते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा चिपळूणहून येतायत. रोम झालं की नेपल्सला तीन रात्री मुक्काम आहे. एक दिवस पॉम्पेई, एक दिवस नेपल्स शहर आणि एक दिवस मोकळा ठेवलाय. बाबांचं म्हणणं एकच: एवढ्या लांब समुद्राकाठी जायचं आणि बोटीत बसायचं नाही, असं नको. तेव्हा सकाळी निघून एखादं बेट बघायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असा बेत आहे.

ऑफिसात ज्याला विचारावं तो काप्री म्हणतो. फोटो पाहिले, सुंदर आहे यात वाद नाही. पण तिथली गर्दी आणि फ्युनिक्युलरची (टेकडीवर दोरानं ओढल्या जाणाऱ्या गाडीची) रांग बघून आई म्हणाली, "हे काही आपल्याच्यानं व्हायचं नाही." दोघांना खरेदी नको, प्रसिद्ध ठिकाणांची यादी नको. जिथं लोक खरोखर राहतात असं एखादं गाव हवंय. दोन गल्ल्या फिरायच्या, समुद्राकडे बघत बसायचं, जेवायचं, परत यायचं.

आता अडचणी सांगते. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर छान चालतात, चढही सावकाश चढतात, पण पायऱ्या उतरताना त्रास होतो. आईला बोट लागते. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा खात नाहीत.

प्रोचिदा हे नाव एक-दोन ठिकाणी वाचलं. कुणी जाऊन आलंय का? एक दिवस पुरतो का? आणि या दोघांना घेऊन जाणं शहाणपणाचं आहे का?

---

सह्यभटक्या

वैदेही, माझं मत जरा वेगळं आहे. आई-बाबा परत परत इटलीला येणार नाहीत, तेव्हा काप्री एकदा बघून घ्यावं. पहिल्या बोटीनं गेलात तर गर्दीच्या आधी पोचता. बस पकडून सरळ अनाकाप्रीला, म्हणजे बेटावरच्या वरच्या गावाला जा. तिथून मोंते सोलारो या डोंगरावर जायला एकेकट्यानं बसायची खुर्ची-लिफ्ट आहे. ५८९ मीटर उंचीवर बसल्याबसल्या पोचता, गुडघ्याला काही ताण नाही. वरून दिसणारा समुद्र मी आजवर पाहिलेल्या समुद्रांत सगळ्यात निळा. ब्लू ग्रोटोच्या भरवशावर मात्र राहू नका. गुहेचं तोंड इतकं बुटकं आहे की थोड्या लाटा असल्या तरी आत सोडत नाहीत.

प्रोचिदाला मी गेलेलो नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही.

---

अनघा_नापोली

वैदेही, तू लिहिलंयस त्यावरून सांगते, प्रोचिदालाच जा.

मी मूळची सांगलीची. लग्नानंतर नेपल्सला आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. घरी पाहुणे आले आणि त्यांच्यात कुणी वयस्कर असलं की मी त्यांना प्रोचिदाला नेते. सह्यभटक्या म्हणतात ते चूक नाही, मोंते सोलारोवरून दिसतं ते दुसरीकडे नाहीच. पण काप्रीला दिवसाचा बराच वेळ रांगेत जातो, आणि आईंनी जे मागितलंय ते तिथं दिवसा मिळणं अवघड.

प्रोचिदा जेमतेम चार चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यावर दहा हजारांच्या आसपास माणसं राहतात. म्हणजे बेट निर्जन मुळीच नाही, उलट चांगलंच दाट वस्तीचं आहे. इथली शांतता रिकामपणाची नाही. मुलं शाळेत जातात, बायका भाजी घेतात, म्हातारे बाकावर बसून रोजचा वाद घालतात, आणि आपण आलो म्हणून त्यातलं काही थांबत नाही की बदलत नाही. मला या बेटाचं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. २०२२ साली प्रोचिदा इटलीची सांस्कृतिक राजधानी होतं. तो मान मिळालेलं हे पहिलंच बेट. त्यानंतर येणारे वाढले, उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी आता गर्दी असते. पण ऑक्टोबरात मंगळवार ते गुरुवारातला दिवस धरलास तर हवं तेच मिळेल.

आता बोटीचं बघू. इथं गोंधळ होतो तो धक्क्यांचा. नेपल्समधून बेटांकडे जाणाऱ्या बोटी दोन वेगळ्या धक्क्यांवरून सुटतात. जलद बोट, म्हणजे अलिस्काफो, मोलो बेवेरेल्लोवरून. गाड्या-ट्रक घेऊन जाणारी मोठी फेरी, म्हणजे त्रागेत्तो, कालाता पोर्ता दी मासावरून. दोन्हींमध्ये दहा-पंधरा मिनिटांची चाल आहे. तिकीट एका धक्क्याचं आणि उभे दुसऱ्यावर, अशी माणसं दर वेळी दिसतात. मेट्रोच्या एक नंबर लाइननं मुनिचीपिओ स्टेशनला उतरा, बेवेरेल्लो समोरच आहे. (हे स्टेशन खोदताना रोमन काळातल्या लाकडी बोटी सापडल्या. बंदर पूर्वी तिथपर्यंत आत होतं. बाबांना सांग, त्यांना आवडेल.)

जलद बोटीला प्रोचिदापर्यंत साधारण चाळीस मिनिटं लागतात, मोठ्या फेरीला तासभर. तुम्ही मोठ्या फेरीनंच जा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बघितली असशील, त्याच जातीची बोट. जलद बोटीत विमानासारखं बंद केबिनमध्ये बसावं लागतं, खिडकीवर मिठाचे डाग, बाहेरचं धड दिसत नाही, आणि लाट असली की धक्के बसतात. मोठी फेरी सावकाश जाते, तिला उघडा डेक आहे आणि तिकीटही स्वस्त. बाबांना बोटीत बसायचंय ना? मग बोटीत बसल्यासारखं वाटायला हवं. डेकवर उजव्या बाजूला जागा धरा. आधी मागे शहर आणि वरचा सांत'एल्मो किल्ला दिसतो, पाठीमागे डावीकडे व्हेसुव्हियस लहान होत जातो. मग पोसिलिपोची टेकडी, निसिदाचं छोटं बेट, आणि शेवटी मिसेनोचं भूशिर. रोमन आरमाराचा तळ या मिसेनोला होता. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक होऊन पॉम्पेई गाडलं गेलं, तेव्हा आरमाराचा प्रमुख थोरला प्लिनी इथूनच जहाजं घेऊन निघाला आणि पलीकडच्या किनाऱ्यावर मेला. आदल्या दिवशी पॉम्पेई पाहिलेलं असेल तर हे सगळं एका नजरेत जुळतं. म्हणून शक्य असेल तर पॉम्पेई आधी करा, बेट नंतर.

एक लक्षात ठेव. बऱ्याच बोटी प्रोचिदाला थोडा वेळ थांबून पुढे इस्किया या शेजारच्या मोठ्या बेटाला जातात. थांबा काही मिनिटांचाच असतो. फळी टाकतात, माणसं उतरतात, चढतात, दोर सुटतो. बाबांना उतरायला वेळ लागणार, तेव्हा बेट जवळ दिसायला लागलं की उठून खाली दाराशी जा. परतीलाही तसंच. बोट इस्कियाहून भरून येते, त्यामुळे रविवारी संध्याकाळी डेकवर जागा मिळेलच असं नाही.

बोट मारीना ग्रांदेला लागते. समोर रंगीत घरांची रांग, कॉफीची दुकानं, तिकिटाच्या खिडक्या. पहिल्यांदा आलेले बरेच जण इथंच फोटो काढत बसतात. तुम्ही कॉफी घ्या आणि पुढे निघा, बेट याच्या मागे आहे.

पायी चढू नका. धक्क्यावर मायक्रोटॅक्सी उभ्या असतात. भाडं आधी ठरवा आणि थेट तेर्रा मुराताला सोडायला सांगा. तो बेटाचा सर्वांत उंच भाग, सुमारे नव्वद मीटर. समुद्रावरून हल्ले व्हायचे तेव्हा सगळं गाव तटबंदीच्या आत इथं येऊन राहायचं. वर सान मिकेले आर्कांजेलोचं जुनं मठ-चर्च आहे. आणि तिथंच पालाझ्झो द'आव्हालोस.

या वाड्याबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण तो न बघता लोक खाली उतरतात याचं मला वाईट वाटतं. सोळाव्या शतकात कार्डिनल इन्निको द'आव्हालोसनं तो बांधून घेतला. पुढे नेपल्सच्या बूर्बों राजांनी तो शिकारीच्या मुक्कामासाठी घेतला. आणि १८३० पासून तो तुरुंग झाला, तो थेट १९८८ पर्यंत. शिकारीला आलेले राजे आणि जन्मठेपेचे कैदी, दोघांच्या खिडक्यांतून दिसणारा समुद्र एकच. कैद्यांकडून तिथं लिननचं कापड विणून घेत. कोरिचेल्ला या खालच्या कोळीवाड्याच्या कुठल्याही फोटोत वर डाव्या-उजव्या कोपऱ्यात जी करडी, उदास, प्रचंड भिंत दिसते ती हीच. आत जाता येतं ते मार्गदर्शकाबरोबरच, आणि आधी नाव नोंदवून. दिवस-वेळ नगरपालिकेच्या साइटवर बघून घे. आत ओबडधोबड फरशी आणि पायऱ्या आहेत, बाबांना जमेल का ते तू ठरव. आत नाही गेलात तरी तटाशी दहा मिनिटं उभे राहा.

तिथून रस्ता उतारानं खाली येतो. पायऱ्या नाहीत, उतार आहे. वळणावर दोन जुन्या तोफा ठेवलेला कठडा लागतो. कोरिचेल्ला खाली पूर्ण दिसतं ते तिथून: गुलाबी, पिवळी, फिक्या निळ्या रंगाची घरं एकमेकांच्या खांद्यावर बसलेली, प्रत्येकाला बाहेरून जिना आणि कमान, आणि खाली होड्या. सकाळी ऊन समुद्राकडून घरांवर येतं, दुपारनंतर डोंगराची सावली पडायला लागते. तेव्हा फोटो हवे असतील तर बारा वाजायच्या आत.

आणखी खाली पियाझ्झा देई मार्तीरी. १७९९ मध्ये नेपल्सचं अल्पजीवी प्रजासत्ताक मोडून काढलं तेव्हा प्रोचिदाच्या ज्या लोकांना फासावर दिलं, त्यांच्या नावानं हा चौक आहे. शेजारी पिवळ्या घुमटाचं सांता मारिया देल्ले ग्रात्सिए. बसायला बाक आहेत, सावली आहे, समुद्र आहे. इथं वेळ काढा.

कोरिचेल्लाला मात्र खाली पायऱ्यांनीच जावं लागतं. गाडीरस्ता नाहीच, तेच त्या जागेचं वैशिष्ट्य. पण पायऱ्या रुंद आहेत, आणि घाई कसलीच नाही. बाबांचा दिवस कसा चाललाय ते बघून तिथंच ठरवा. नाही उतरलात तर चौकातून दिसतं त्यावर समाधान मानून क्यायोलेल्लाला जा, बसनं किंवा टॅक्सीनं. ते सपाट आहे. जुन्या ज्वालामुखीच्या मुखात समुद्र शिरून झालेलं अर्धगोल बंदर आणि त्याच्या मागे काळसर वाळूचा लांब किनारा. तिथून पूल ओलांडला की व्हिवाराचं चिमुकलं राखीव बेट, पण त्यात नोंदणीशिवाय सोडत नाहीत.

जेवणाचं नंतर सविस्तर लिहिते, आता कामावर निघायचंय.

---

वैदेही_मिलान

अनघाताई, काय सुंदर लिहिलंत! आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, तोफांच्या कठड्यापर्यंत गेले तरी मला पुरे.

अजून थोडं विचारते. आम्ही नेपल्समध्ये मोन्तेसान्तो स्टेशनजवळ राहणार आहोत. तिथून पोत्सुओली या शेजारच्या बंदराच्या शहराला गाडी जाते आणि पोत्सुओलीहूनही बोटी आहेत असं दिसलं. ते सोयीचं पडेल का? आणि स्वच्छतागृहांची काय परिस्थिती? आईचा पहिला प्रश्न तोच असतो.

आणि सह्यभटक्या, धन्यवाद. मोंते सोलारो माझ्या यादीत लिहून ठेवलंय, मैत्रिणींबरोबर जाईन.

---

दर्यावर्दी_हर्णै

वैदेही, मी मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये आयुष्य काढलं, आता हर्णैला असतो. नेपल्सच्या आखातात बऱ्याचदा येणं झालं, आणि एका जहाजावर आमचा कॅप्टन प्रोचिदाचा होता. त्या चिमुकल्या बेटावर १८३३ पासून नौकानयनाची शाळा आहे. घरटी एक माणूस समुद्रावर, असं ते गाव. आमचा कॅप्टन जेवताना कधी स्वतःबद्दल बोलायचा नाही, पण लिंबांबद्दल विचारलं की थांबायचा नाही. चिपळूणच्या माणसानं तिथं जाऊन म्हाताऱ्या खलाशांशेजारी बाकावर बसावं. भाषा नाही आली तरी चालेल. "मी भारतातला, बोटीवर होतो," एवढं मी हातवाऱ्यांनी सांगितलं तर मला कॉफी पाजली होती त्यांनी.

आता आईंच्या बोट लागण्याबद्दल, कारण यात मी खात्रीनं बोलू शकतो.

जागा: बोटीच्या लांबीच्या मध्यावर, आणि जितकं खाली बसता येईल तितकं. पुढच्या टोकाला सगळ्यात जास्त आपटतं. मध्यावरच्या डेकवर उघड्या हवेत जागा मिळाली तर उत्तमच. नजर क्षितिजावर किंवा लांबच्या किनाऱ्यावर ठेवायची. मोबाइल बघायचा नाही, वाचायचं नाही. गाड्यांच्या डेकवर डिझेलचा वास कोंडलेला असतो, तिथं रेंगाळू नका. चढल्या चढल्या वर जा.

पोट रिकामं ठेवू नका. लोक उलटीच्या भीतीनं उपाशी निघतात, त्यानं जास्त त्रास होतो. कोरडं काहीतरी, टोस्ट, खाकरा, दशम्या. आल्याच्या वड्या चिपळूणहून येताना आणायला सांगा. अ‍ॅव्होमिन, म्हणजे मळमळीवरची गोळी, घ्यायची असेल तर मळमळायला लागल्यावर नाही, बोटीत बसण्याच्या तासभर आधी. त्यानं झोप येते आणि या वयात इतर औषधं चालू असतात, म्हणून निघण्यापूर्वी घरच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

वारा: त्या आखातात नैर्ऋत्येचा वारा धरला की लाट वाढते. इटालियन त्याला लिबेच्चो म्हणतात. अशा दिवशी जलद बोटी आधी रद्द होतात, मोठ्या फेऱ्या बऱ्याचदा चालू राहतात. पण चालू आहे म्हणून जायलाच हवं असं नाही. आईंसाठी जात असाल तर शांत दिवस निवडा. ऑक्टोबरात असे दिवस मुबलक असतात.

---

अनघा_नापोली

काका, तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं. ती शाळा अजून चालू आहे. सकाळच्या बोटीनं मुख्य भूमीवरूनही मुलं तिथं शिकायला येतात.

वैदेही, आता पोत्सुओलीबद्दल. मोन्तेसान्तोला राहणार असाल तर कुमाना रेल्वे तिथूनच सुटते आणि पोत्सुओलीला बंदराच्या जवळ सोडते. बोटीचा प्रवास तिथून छोटा, त्यामुळे आईंच्या दृष्टीनं तो पर्याय चांगला. पण बाबांना जो सगळा आखाताचा देखावा दिसावा असं मी म्हटलं, तो निम्मा जातो. शिवाय पोत्सुओलीचं एक वेगळंच आहे. हे शहर कांपी फ्लेग्रेई या ज्वालामुखीच्या पोटावर बसलंय आणि तिथली जमीन हळूहळू वर येते आहे. २००५ पासून मीटरभराहून जास्त वर आली. धक्क्यापाशी पाणी उथळ झालंय, छोट्या होड्यांच्या गोदीत तर कधी कधी चिखल दिसतो. मधून मधून भूकंपाचे लहान धक्के बसतात. घाबरवायला सांगत नाही, लोक तिथं रोजचं आयुष्य जगतात, पण निघताना बंदराची काही सूचना आहे का ते बघ.

मी असते तर जाताना नेपल्सहून मोठी फेरी आणि येताना पोत्सुओली केलं असतं. येताना दमलेले असता, छोटा प्रवास बरा. पोत्सुओलीला उतरून रेल्वेकडे जाताना रोमन बाजाराचे अवशेष लागतात, त्याला सेरापेओ म्हणतात. रस्त्यावरूनच दिसतात, पायऱ्या नाहीत. तीन उंच संगमरवरी खांब उभे आहेत आणि त्यांवर डोक्याच्या बऱ्याच वर एक भोकाभोकांचा पट्टा आहे. ती भोकं दगड पोखरणाऱ्या शिंपल्यांनी केलेली. म्हणजे हे खांब एके काळी तेवढे समुद्रात बुडाले होते आणि नंतर जमिनीबरोबर पुन्हा वर आले. मला ते बघताना दर वेळी अंगावर काटा येतो.

स्वच्छतागृहं: मोठ्या फेरीवर असतात. बेटावर कॉफीच्या दुकानात कॉफी घ्यायची आणि किल्ली मागायची, हीच पद्धत. तेर्रा मुरातावर दुकानं कमी, म्हणून वर जाण्याआधी मारीना ग्रांदेलाच जाऊन घ्या.

रस्त्यांबद्दल सांगायचं राहिलं. गल्ल्या अरुंद आहेत, फूटपाथ नाही, आणि स्कूटर व बॅटरीच्या सायकली जोरात येतात. आवाज आला की भिंतीला लागून उभं राहायचं, तिथले लोकही तसंच करतात. सामान वाहायला आपे. हो, तीच आपल्याकडची आपे रिक्षा. पियाजिओची गाडी, भारतात तिचा कारखाना बारामतीला. बाबांना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होईल.

आता जेवण. दुपारी एक ते चारच्या दरम्यान बेट झोपतं. दुकानं बंद, गल्ल्या ओस. तेव्हा साडेबारा-एकला जेवायला बसा आणि उठायची घाई करू नका. अंडं नाही, मासा नाही, मांस नाही, हे स्पष्ट सांगायचं: "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा उओवा." त्यात "सेन्त्सा आचूगे" जोडा. आचूगे म्हणजे खारवलेले बारीक मासे, ते भाजीतही नकळत पडलेले असतात.

मागवायचं ते मात्र ठरलेलं: इन्सालाता दी लिमोनी, लिंबांची कोशिंबीर. प्रोचिदाचं लिंबू आपल्या लिंबाएवढं नसतं, मोठ्या पेरूएवढं असतं, आणि सालीखाली बोटभर जाड पांढरा गर. वरची पिवळी साल पातळ काढून टाकतात आणि तो पांढरा गर आतल्या फोडींसकट चिरतात. मीठ, पुदिना, लाल मिरची, लसूण, ऑलिव्ह तेल. गर कडू नसतो, काकडीसारखा करकरीत लागतो आणि मिरची मागून येते. परदेशात आठवडाभर पिझ्झा खाऊन जीभ कंटाळलेली असते ना, तिला हे पहिल्या घासाला जागं करतं. माझ्या सासूबाई तिखटमिठाशिवाय जेवत नाहीत. त्यांनी दुसरी ताटली मागवली होती आणि उरलेल्या तेलात पाव पुसून खाल्ला.

बरोबर टोमॅटोची किंवा लिंबाची स्पॅगेटी. नेपल्सकडचा वाळवलेला पास्ता रवा-पाण्याचा असतो, अंड्याचा नाही. ताज्या पास्त्यात अंडं असू शकतं, विचारा. वांग्याची पार्मिज्याना (वांग्याचे काप, टोमॅटो आणि चीज थरांनी लावून भाजलेले) मिळते, पण काही जण वांगं तळताना अंड्यात बुडवतात, तेही विचारा. चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) चालत नसेल तर पिझ्झा मारिनारा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीज नाही, आणि मासाही नाही.

गोडात प्रोचिदाची "लिंगुआ" प्रसिद्ध आहे, जिभेच्या आकाराची पापुद्र्यांची खारी आणि आत लिंबाचं क्रीम. त्या क्रीममध्ये अंडं असतं, तेव्हा ती तू खा. आई-बाबांना लिंबाचा ग्रानिता, म्हणजे बर्फाचा चुरा, द्या. आणि नेपल्समध्ये मिरी घातलेले तारल्ली, म्हणजे कडक खारी कडी, दिसतील, खमंग असतात, चहाबरोबर खावेसे वाटतात. ते डुकराच्या चरबीत करतात. पुडीवर "सून्या" किंवा "स्त्रुत्तो" असं लिहिलेलं असेल तर ठेवून द्या. स्फोल्यातेल्ला या नेपल्सच्या गोड पदार्थाच्या पापुद्र्यांतही बहुधा तीच असते. हे इथं कुणी आपणहून सांगत नाही, कारण त्यांच्या लेखी ते मांस नाही.

जेवल्यावर क्यायोलेल्ला. चारपर्यंत किनाऱ्यावर बसा, वाळू काळी आहे आणि ऊन धरते, ऑक्टोबरात पाय टाकायला पाणीही कोमट असतं. मग बसनं मारीना ग्रांदे. शेवटची बोट कधी ते सकाळी उतरल्याबरोबर खिडकीवर विचारा आणि तिच्या आधीची धरा.

---

वैदेही_मिलान

ताई, सगळं वहीत उतरवून घेतलंय. बाबांनी आपे आणि खलाशी एवढं दोनदा वाचून घेतलं. आई लिंबांच्या कोशिंबिरीसाठी निघालीच आहे.

एकच राहिलं. तिकिटं आत्ताच काढू का? आणि नेमका त्याच दिवशी पाऊस लागला तर?

---

अनघा_नापोली

आत्ता काढू नकोस. ऑक्टोबरात वेळापत्रक उन्हाळ्याचं संपून हिवाळ्याचं लागतं, आज दिसणारी फेरी त्या दिवशी असेलच असं नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी मोठ्या फेरीला पायी प्रवाशांना जागा मिळते. आदल्या रात्री हवा आणि लाटा बघ, संपाची काही बातमी आहे का बघ (इथं संप आधी जाहीर करतात), आणि सकाळी अर्धा-पाऊण तास आधी धक्क्यावर जाऊन तिकीट काढ. जाण्याचं आणि येण्याचं वेगवेगळं काढ, म्हणजे येताना पोत्सुओली करायचं का ते बेटावर ठरवता येईल.

पावसासाठी अदलाबदल ठेव. पॉम्पेईचं तिकीट आता नावानिशी आणि तारखेचं असतं, रोजची मर्यादाही आहे, त्यामुळे तो दिवस हलवू नकोस. बेट आणि नेपल्स शहर हे दोन दिवस मात्र एकमेकांच्या जागी बसतात. पाऊस असेल त्या दिवशी पुरातत्त्व संग्रहालय, पॉम्पेईची भित्तिचित्रं आणि मोझेक तिथंच आहेत. मंगळवारी ते बंद असतं, एवढं धरून दिवस लाव.